ओवाळणी आणि पेडल

यंदाच्या ओवाळणीतून इलेक्ट्रिक गिटारसाठी पेडल घेऊ पाहणाऱ्या मीरा-भाईंदरच्या भगिनींनो, पैसे जपून खर्चा! १९६२ साली अमेरिकेत मॅस्ट्रो छापाची ‘फझ-टोन’ पेटी बाजारात आली. आता तेच काम मुठीत मावणारी डबी करते. पण सहा डब्या घेतल्या म्हणून हात वळत नाही. आधी एकच ओव्हरड्राइव्ह घ्यावे, पुढे डिले. इवल्या डबीत बॅटरीला बहुधा जागा नसते. अ‍ॅडॉप्टरचा खर्च आधीच धरावा. बहुतेकांना ९ व्होल्ट लागतात, मधले टोक ऋण. डबीवरची खूण ताडूनच जोडावे. उलट जोडल्यास ओवाळणी जळालीच समजा! धोबीतलावला वाद्यांच्या दुकानात जाताना आपलीच गिटार न्यावी आणि आवाज लहान ठेवून पारख करावी. वाजवायचे घरी आहे, आणि भिंतीपलीकडे शेजारी आहेत!