सानपाड्याचा सांधा आणि प्रकाशाचा रंग

वाशीहून सुटलेल्या ठाणे आणि पनवेलच्या लोकल सानपाड्यापर्यंत बरोबरीने येतात. पुढे एक तुर्भ्याकडे वळते, दुसरी जुईनगरला जाते. ही फाटाफूट रुळांचा सांधा करतो. याच सानपाड्याच्या उत्तरेला महापे, रबाळे, ऐरोली या पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटर उभी राहिली आहेत. तिथलाही प्रश्न सांध्याचाच आहे.

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. हजार किलोमीटरवरून निघालेल्या सीटी स्कॅनच्या प्रतिमेला प्रवासापुरते पाच मिलिसेकंद पुरतात. अडते ते स्विचपाशी. तिथे प्रकाशाची वीज करायची, पत्ता वाचायचा आणि पुन्हा प्रकाश करायचा. आपल्या मज्जासंस्थेतही असेच घडते. एका चेतापेशीतून दुसरीत जाताना विजेचा संदेश रसायनात बदलतो आणि पलीकडे पुन्हा विजेत. त्यात साधारण अर्धा मिलिसेकंद जातो. शरीराला हा उशीर परवडतो, कारण याच जागी मेंदू शिकतो आणि कित्येक औषधेही इथेच काम करतात. डेटा सेंटरमध्ये मात्र या रूपांतरावर वीज खर्च होते, उष्णता वाढते आणि ती घालवायला आणखी वीज लागते.

हे टाळण्याची एक युक्ती आहे. विशिष्ट जाळीतून जाताना प्रत्येक तरंगलांबीचा प्रकाश आपापल्या ठरलेल्या दारानेच बाहेर पडतो. जाळीला वीज लागत नाही. लेसरने ‘रंग’ बदलला की वाट बदलते. (हा प्रकाश अवरक्त, डोळ्यांना न दिसणारा, रंग म्हणायचे ते सोयीसाठी.) अडचण लेसरच्या वेगाची. रंग बदलायला एक मिलिसेकंद लागला, तर शंभर गिगाबिटच्या वाहिनीवर तेवढ्यात दीड हजार बाइटची आठ हजारांवर पाकिटे निघून गेली असती.

मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिजमधील संशोधकांनी 2020 मध्ये ‘सिरियस’ या छोट्या प्रायोगिक जाळ्यात हा बदल एका नॅनोसेकंदाच्या आत घडवला. तेवढ्या वेळात तंतूतला प्रकाश जेमतेम वीतभर जातो. पण वाटेत प्रकाश थांबवून ठेवता येत नाही. म्हणून तिथे लोकलसारखे आधीच ठरलेले वेळापत्रक लागते आणि सगळ्या यंत्रांची घड्याळे नॅनोसेकंदाहूनही काटेकोर जुळवावी लागतात. प्रयोगशाळेत जमले म्हणून हजारो यंत्रांच्या इमारतीत ते लगेच जमेल, असे मानणे घाईचे ठरेल.

रुग्णाला याचा फायदा मिळेल तो आडवळणाने, डेटा सेंटरची वीज वाचली तर. तालुक्याच्या रुग्णालयाकडे जाणारी केबल जेसीबीने तोडली, तर ई-संजीवनीवरचा डॉक्टर पडद्यावरून गायब होणारच. ती जोडायला माणूस दोन तासांत पोहोचतो की दोन दिवसांनी, यावर तिथला सल्ला अवलंबून असतो.