गरवायला निघालात? खोली खाडीकडे घ्या

‘सी-टच’ म्हटले की खोलीचा दर चढतो. गळ घेऊन कोकणात सुट्टीला जाणारेही आधी तीच खोली शोधतात आणि तिथेच चुकतात.

मालवण तालुक्यातले देवबाग पाहा. वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवरच्या या गावाच्या एका अंगाला समुद्र, तर दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी. फोटो समुद्राकडे छान येतात. पण लाटा गळ पुन्हा वाळूत आणून टाकतात. खाडीत पाणी संथ असते, शिवाय तांबोशी आणि काळुंदर तिथे मिळतात. उंबऱ्यापासून पाणी चार पावलांवर असेल, तर पहाटेची भरती चुकत नाही.

म्हणून बुकिंग करताना एसीच्या आधी भरतीची वेळ विचारावी. ती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला ओढ जास्त असते. मुले बरोबर असतील तर त्या तारखा टाळलेल्या बऱ्या. घरमालक स्वतः होडीवाला असेल तर सोन्याहून पिवळे. कुठे गरवायचे, हे त्यालाच विचारावे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. आणि रापण ओढली जात असेल तिथे गळ टाकू नये. पाहुण्यांची ती गंमत असते, रापणकारांची रोजीरोटी.

जून-जुलैतल्या स्वस्त खोलीचा मोह मात्र नको. तेव्हा यांत्रिक मासेमारी बंद असते, समुद्र खवळलेला असतो आणि शेवाळलेल्या खडकावर पाय ठरत नाही.