मागच्या सीटवरची कंबर

रविवारी विहारात वंदना झाली की महिला थोडा वेळ थांबतात आणि बोलणे दुखण्याखुपण्यावर येते. त्यात कंबर ठरलेली. आम्ही नर्सिंगच्या नोकरीत होतो तेव्हा अशा महिलांना बाळंतपणे किती झाली, ओझे किती उचलता, एवढे विचारायचो आणि गोळ्या द्यायचो. रोज कोणत्या गाडीवर, कशा बसून येता, हे आम्ही कधी विचारले नाही. ती आमची चूक होती.

जळगाव-धुळ्याच्या खेड्यापाड्यांत मोटारसायकल हेच आता कुटुंबाचे वाहन आहे. शेतात, जिनिंगवर, बाजारात, दवाखान्यात, सगळीकडे तीच. नवरा किंवा मुलगा चालवतो आणि बाई मागे एका बाजूला पाय सोडून बसते. तिची बैठक जवळजवळ मागच्या चाकावरच असते. चालवणाऱ्याला खड्डा आधी दिसतो, तो पायांवर जोर देऊन अंग उचलतो. मागच्या बाईला खड्डा कळतो तो थेट मणक्यात.

हा धक्का झेलायला मागे शॉकअप असतात. त्यातली स्प्रिंग धक्का घेते आणि आतले तेल स्प्रिंगची उसळी आवरते. सील झिजून तेल गळाले की स्प्रिंग तेवढी उरते, तिला आवर राहत नाही. मग गाडी होडीसारखी डुलते आणि मोठ्या खड्ड्यात दाणकन आदळते. बसलेल्या माणसाच्या मणक्याला सेकंदाला साधारण 4 ते 8 वेळा होणारे वरखाली हादरे सर्वांत जास्त जाणवतात. वर्षानुवर्षे असे हादरे बसले की कंबरदुखीचा धोका वाढतो. शिवाय चाक रस्त्याला नीट धरत नाही, त्यामुळे वळणावर आणि ब्रेक लावताना गाडी घसरू शकते.

म्हणून आमचे म्हणणे असे की, शॉकअपचा खर्च घराच्या औषधपाण्याच्या खर्चात धरावा. तो मागे का पडतो? पैसा ज्याच्या खिशात तो पुढे बसतो आणि त्रास जिला होतो ती मागे बसते. 14 एप्रिलच्या मिरवणुकीआधी आपली पोरे गाडी चमकवतात, निळा झेंडा लावतात. आनंदाची गोष्ट आहे. पण त्याच गाडीचा शॉकअप तेल गाळत असतो आणि त्याच गाडीवर आई बसते.

1929 साली बाबासाहेब धुळ्याहून परतताना चाळीसगावला उतरले. अस्पृश्याला टांग्यातून न्यायला टांगेवाले तयार नव्हते. पाहुण्याने पायी यावे हे वस्तीतल्या लोकांना पटेना. त्यांनी टांगा मिळवला आणि आपल्यातल्याच, टांगा कधी न हाकलेल्या माणसाने तो हाकला. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये त्यांनी हे सांगितले आहे. दोष अर्थात जातीचा. पण आपल्या माणसांनी मान राखताना जिवाची काळजी राहून गेली, हेही त्यांच्या नजरेतून सुटले नाही. ही घटना आपल्याच जिल्ह्यातली आहे, निदान आपण तरी ती विसरू नये.

तपासणी सोपी आहे. गाडीची मागची बाजू जोराने दाबून सोडा. वर येऊन ती स्थिर झाली पाहिजे. दोन-तीन वेळा हेलकावली, किंवा दांडीवर तेलाचा ओलावा दिसला, तर शॉकअप गेला. दोन शॉकअप असतील तर दोन्ही एकदमच बदला. एक नवा आणि एक जुना ठेवला तर गाडी एका बाजूला ओढते. बदलताना चिमट्याचे बुश आणि टायरची हवाही पाहून घ्या. गाडी दोघांसाठीच असते. चौघे बसले तर नवा शॉकअपही टिकणार नाही.

कोणी म्हणेल, रस्तेच खराब, शॉकअप बदलून काय होणार? रस्त्यासाठी ग्रामसभेत भांडायचेच आहे, आम्हीही भांडतो. पण रस्ता होईपर्यंत आजचा प्रवास थांबत नाही. दिवस भरत आलेल्या बाईला मात्र चांगल्या गाडीवरही नेऊ नका. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून गरोदर मातेला सरकारी दवाखान्यात मोफत नेण्या-आणण्याचा हक्क आहे. 102 किंवा 108 ला फोन करा. कंबरेसोबत पायाला मुंग्या, बधिरपणा असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

येत्या रविवारी वंदनेनंतर विहाराबाहेर उभ्या असलेल्या गाड्या तरुणांनी एकेक करून दाबून पाहाव्यात. आणि घरी गेल्यावर मागे बसणारीला विचारावे, “आई, धक्के बसतात का गं?” आयांनीही आता “चालतं रे” म्हणू नये, खरे सांगावे.

जय भीम.