कुणीतरी लिहितंय... वाचतंय का कुणी?

एक छोटासा प्रयोग करून पाहा. आज सकाळपासून मोबाइलवर तुम्ही जे काही वाचलंत, त्यातलं स्वतः शोधून वाचलेलं किती आणि ‘समोर आलं म्हणून’ वाचलेलं किती? लोकलमध्ये, लंच अवरला, रात्री उशीवर डोकं टेकल्यावर... अंगठा वर सरकत राहतो आणि काही ना काही समोर येत राहतं. ताट दुसऱ्याच कुणीतरी वाढलेलं, आपण फक्त खायचं! आणि गंमत म्हणजे, दिवसभर खाऊनही पोट काही भरत नाही.

यावर माझ्याकडे एक जुनाच उपाय आहे. ब्लॉग वाचा.

थांबा, लगेच पान उलटू नका! ‘ब्लॉग? ते अजून आहेत?’ असं मला दरवेळी विचारलं जातं, तेही अशा चेहऱ्याने, जणू मी पेजर घ्यायला सांगतेय. तर मंडळी, आहेत. भरपूर आहेत. फक्त ते आता आपणहून तुमच्या दारात येत नाहीत, तुम्हाला त्यांच्या दारात जावं लागतं.

थोडी जन्मकुंडली सांगते. ‘वेबलॉग’ हा शब्द १९९७ मध्ये जॉर्न बार्गर नावाच्या अमेरिकन गृहस्थाने रूढ केला. १९९९ मध्ये पीटर मेरहोल्झने गंमत म्हणून त्याची फोड ‘वी ब्लॉग’ अशी केली आणि ‘ब्लॉग’ हे बाळ जन्माला आलं. त्याच वर्षी ‘ब्लॉगर’ ही सेवा सुरू झाली. वेबसाइट कशी बनवतात याचा गंध नसलेल्या माणसालाही आता स्वतःचं पान मिळालं. ना संपादक, ना ‘साभार परत’. लिहायचं, बटण दाबायचं, झालं!

मग लिहिलं कुणी? तुमच्या-माझ्यासारख्यांनीच. ज्युली पॉवेलचंच बघा ना. साल २००२. न्यूयॉर्कमध्ये एका सरकारी कचेरीत सेक्रेटरीची नोकरी. तिशी जवळ आलेली, घरी एवढंसं किचन आणि डोक्यात ‘आपण आयुष्यात करतोय तरी काय?’ हा प्रश्न. (ओळखीचा वाटतोय ना?) तिने ठरवलं, ज्युलिया चाइल्डच्या गाजलेल्या फ्रेंच पाककृतींच्या पुस्तकातल्या ५२४ रेसिपीज ३६५ दिवसांत करायच्या आणि जे होईल ते ब्लॉगवर लिहायचं. तेही नोकरी सांभाळून! बिघडलेले पदार्थ, चिडचिड, रडारड, सगळंच तिने लिहिलं. लोकांना तेच आवडलं. २००५ मध्ये त्याचं पुस्तक आलं, २००९ मध्ये मेरिल स्ट्रीपचा सिनेमा. ज्युली २०२२ मध्ये, अवघ्या ४९व्या वर्षी गेली. पण ‘दिवसभर ऑफिस करून आपलं असं काहीतरी करता येतं’ हे तिने कित्येकांना दाखवून दिलं.

दुसरी गोष्ट बगदादची. तिथल्या एका तरुण आर्किटेक्टचा राएद नावाचा मित्र जॉर्डनमध्ये शिकत होता आणि ई-मेलला उत्तर द्यायचा कंटाळा करायचा. म्हणून या पठ्ठ्याने २००२ मध्ये त्याच्यासाठी ब्लॉगच सुरू केला. नाव काय, तर ‘राएद कुठाय?’ स्वतःचं टोपणनाव घेतलं सलाम पॅक्स. एक शब्द अरबी, एक लॅटिन, दोन्हींचा अर्थ शांती. मार्च २००३ मध्ये इराकवर हल्ला झाला आणि एका मित्रासाठी लिहिलेलं ते पान जगभरातली माणसं वाचू लागली. टीव्हीवर दिसत होते स्फोट आणि नकाशे. त्या स्फोटांखाली घरात बसलेल्या माणसाचा दिवस कसा जातो, ते मात्र इथे कळत होतं.

या दोघांना कुणी असाइनमेंट दिली नव्हती. ‘किती लाइक्स मिळतील’ असा हिशेबही नव्हता. ब्लॉगची खरी मजा यातच आहे. तिथे माणूस ‘कंटेंट’ देत नसतो, बोलत असतो. मी कुठून कुठे भटकून आले सांगू? कुणी सह्याद्रीतल्या आडवाटांवर लिहितं, पाणी कुठे मिळेल आणि पाय कुठे घसरेल यासकट. कुणी आजीच्या गोडा मसाल्याचं प्रमाण वाटीच्या हिशेबात देतं. कुणी बंद पडलेल्या एकपडदा थिएटरांच्या आठवणी लिहितं. कुणी आईच्या आजारपणाबद्दल असं लिहितं, की स्टेशन आलं तरी उतरायचं भान राहत नाही. यातलं एकही व्हायरल होणार नाही. पण ज्या दिवशी तुमच्या घरात तोच आजार येतो, त्या दिवशी ते एक पान शंभर बातम्यांपेक्षा जवळचं वाटतं.

आणि आपल्या मराठीत? पूर्वी इंटरनेटवर मराठी वाचायचं म्हणजे आधी फॉण्ट डाउनलोड करा, नाहीतर स्क्रीनभर अगम्य चिन्हं बघत बसा! युनिकोड रुळलं आणि कुठल्याही कम्प्युटरवर देवनागरी सरळ दिसायला लागलं. मग पुण्यातून, नाशिकमधून, न्यू जर्सीतून आणि दुबईतूनही मराठी माणसं लिहिती झाली. आपल्याला याचं अप्रूप वाटायचं कारण नाही खरं तर. दिवाळी अंक मिटक्या मारत वाचणारी माणसं आपण. साठच्या दशकात याच मुंबईत अशोक शहाणे, दिलीप चित्रे, अरुण कोलटकर या मंडळींनी पदरमोड करून अनियतकालिकं काढली होती. मोठी मासिकं छापणार नसतील तर आपणच छापू, हा त्यांचा बाणा. ब्लॉग म्हणजे तोच बाणा, फक्त सायक्लोस्टाइलच्या शाईचे डाग न पडता!

आता जरा काळजीची गोष्ट. ही पानं फार नाजूक असतात. जिओसिटीजवर लोकांनी १९९४ पासून हौसेने घरं बांधली होती. २००९ मध्ये याहूने अमेरिकेतली ती अख्खी वस्तीच पाडली. आवडते ब्लॉग एका जागी वाचण्यासाठी अनेकांचा आधार होता गूगल रीडर. तो १ जुलै २०१३ ला बंद झाला आणि कित्येक ब्लॉगर्सचे वाचक एका रात्रीत पांगले. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडतच नव्हती! दर पाचातली जवळपास दोन गायब.

आपल्याकडेही एक झलक दिसली होती. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले. माणसं एकमेकांना शोधत होती आणि ब्लॉगवर स्वयंसेवक हेल्पलाइनचे नंबर टाकत होते. त्याच आठवड्यात सरकारने काही मोजकी पानं बंद करायला सांगितली. इंटरनेट कंपन्यांनी सरसकट अख्खं ब्लॉगस्पॉटच बंद करून टाकलं! काही दिवसांनी ते सुरू झालं खरं, पण आपला आवाज दुसऱ्याच्या बटणावर चालतो, हे सगळ्यांना लख्ख कळलं.

मात्र खरं सांगू? बरेचसे ब्लॉग कुणी बंद पाडलेले नसतात. ते वाचकांची वाट बघून बघून थांबतात. शेवटची पोस्ट ‘लवकरच पुढचा भाग’ आणि त्यानंतर नुसती शांतता. हा भाग मात्र आपल्या हातात आहे.

म्हणून माझा फंडा सोपा आहे. पहिलं, एका ब्लॉगवरून दुसऱ्यावर जा. बऱ्याच ब्लॉगर्सच्या पानावर कडेला त्यांच्या आवडत्या ब्लॉग्जची यादी असते, तिला ‘ब्लॉगरोल’ म्हणतात. ज्याचं लिखाण आवडलं, त्याची आवडही बहुतेक वेळा आपल्याला मानवते. दुसरं, शोधताना नेमकं शोधा. ‘बेस्ट ट्रेक्स’ टाकलंत तर जाहिराती मिळतील. गावाचं, घाटवाटेचं, पदार्थाचं नाव मराठीतच टाका, माणसं भेटतील. तिसरं, फीडली किंवा इनोरीडरसारखा एखादा फीड रीडर घ्या आणि त्यात ब्लॉगचा पत्ता टाका. नवी पोस्ट आली की ती तिथे दिसते, तारखेच्या क्रमाने. मध्ये कुणी वाढपी नाही!

सगळंच सोनं असतं असं मी म्हणत नाही. रटाळ ब्लॉग असतात, स्वतःचीच आरती ओवाळणारे असतात आणि ब्लॉगचा मुखवटा लावून काहीतरी विकणारेही असतात. माझा नियम तीन पोस्टचा. तीन वाचूनही माणूस दिसला नाही, की टॅब बंद.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं. आवडलं तर दोन ओळी लिहून कळवा. ‘छान’ एवढंच नको, नेमकं काय आवडलं ते सांगा. रात्री अकराला, ऑफिस आणि घर उरकून, एका पैशाच्या आशेशिवाय लिहिणाऱ्या माणसाला त्या दोन ओळी पुढचे दोन महिने पुरतात. आणि एखादं पान फारच भिडलं, तर ते इंटरनेट अर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये जपून ठेवा. ही सेवा २००१ पासून सगळ्यांना फुकट खुली आहे. पत्ता टाकायचा, ‘सेव्ह’ म्हणायचं, मिनिटाभराचं काम. उद्या मूळ ब्लॉग गेला तरी ती आजी, तो मसाला, ती घाटवाट तिथे सापडायची शक्यता राहते.

तेव्हा या रविवारी चहाचा दुसरा कप घेऊन बसलात, की फक्त अर्धा तास द्या. तीन अनोळखी ब्लॉग शोधा. एक तुमच्या गावाबद्दलचा, एक तुमच्या छंदाबद्दलचा आणि एक अशा विषयावरचा, ज्यातलं तुम्हाला ओ की ठो कळत नाही! त्यातला एक मित्राला पाठवा आणि एकाच्या लेखकाला दोन ओळी लिहा. बरेच दिवसांत नवं काही लिहिलं नसेल, तर त्यालाच आधी लिहा.