युरोप पाहिला, गेंडामाळ राहिला!

पोलंडची राजधानी वॉर्सा. राजप्रासादासमोरच्या चौकात राजा झिगमुंट याचा उंच स्तंभ उभा आहे. मूळ स्तंभ १६४४ सालचा. १९४४ मध्ये जर्मनांनी तो पाडला आणि १९४९ मध्ये पोलिश जनतेने तो पुन्हा उभारला. प्रवाशांचा जथा घेऊन पायी निघालेला वाटाड्या या स्तंभाचे कौतुक तर सांगतोच. पण त्याहून अधिक आस्थेने तो मंडळींना प्रासादाच्या कडेला नेऊन आडवे पडलेले दगडी तुकडे दाखवतो. हे जुन्या स्तंभाचे भग्नावशेष. ते हलवले गेले नाहीत, हेतुपुरस्सर जपले गेले. मग तो १ ऑगस्ट १९४४ रोजी सुरू झालेल्या उठावाची, ६३ दिवसांच्या झुंजीची आणि त्यानंतर जर्मनांनी सूडबुद्धीने घरामागून घर उडवून दिलेल्या शहराची कहाणी सांगतो. आज दिसणारे जुने वॉर्सा त्या राखेतून पुन्हा बांधलेले आहे. त्यासाठी अठराव्या शतकातील चित्रकाराने रंगवलेल्या नगरदृश्यांचा आधार घेण्यात आला. युनेस्कोने १९८० मध्ये या पुनर्निर्मित नगराला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. आजही दर १ ऑगस्टला सायंकाळी पाच वाजता भोंगे वाजतात आणि रस्त्यावरचा माणूस असेल तिथे स्तब्ध उभा राहतो.

सातारा-सांगलीकडची कुटुंबेही आताशा युरोपात अशा पदभ्रमणाला जाऊ लागली आहेत. मुलगा जर्मनीत नोकरीला असतो, किंवा निवृत्तीच्या पैशांतून एकदाची युरोपची सहल घडते. कानात यंत्र लावून, उंच धरलेल्या छत्रीमागे दोन-दोन तास चालताना कुणी कुरकुरत नाही. गुडघे दुखत नाहीत, ऊन लागत नाही. वॉर्सातच वळिवडे-कोल्हापूर छावणीचे स्मारक आहे. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांना कोल्हापूरजवळ वळिवड्याला आश्रय मिळाला, त्याची ही कृतज्ञ आठवण. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तेथे जाऊन अभिवादन केले. परक्या देशात आपल्या मुलखाचे नाव कोरलेले पाहून मराठी माणसाचा ऊर भरून येतो, आणि तो यायलाच हवा.

परंतु हाच गृहस्थ साताऱ्याला परतल्यावर त्याला एवढेच विचारावे, की गेंडामाळ कशासाठी प्रसिद्ध आहे? दहांपैकी किती जण उत्तर देतील? ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या कटातील १७ देशभक्तांना इंग्रजांनी याच गेंडामाळावर मृत्युदंड दिला. कुणाला फाशी, कुणाला तोफेच्या तोंडी, कुणाला गोळ्या. त्यांत रंगो बापूजी गुप्ते यांचा मुलगा सीताराम होता. वॉर्साच्या भोंग्याने ज्याच्या अंगावर काटा येतो, त्याला आपल्याच घरापासून हाकेच्या अंतरावर सांडलेल्या रक्ताची वार्ता नसावी, याला आत्मविस्मृती म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

आणि रंगो बापूजी! युरोपातील महानगरात पायपीट केलेला हा सातारकर आजच्या कुठल्याही सहलवीरापेक्षा अधिक दमला असेल. १८३९ मध्ये कंपनी सरकारने प्रतापसिंह महाराजांना खोट्या आरोपांवरून पदच्युत करून काशीला धाडले. त्यांची कैफियत मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनला गेले आणि सुमारे चौदा वर्षे तिथे झुंजत राहिले. भाषा परकी, हवा परकी, खिसा रिकामा. कंपनीच्या भागधारकांच्या सभांत उभे राहून त्यांनी धन्याची बाजू मांडली. इकडे १८४७ मध्ये महाराज काशीला निवर्तले, १८४८ मध्ये डलहौसीने दत्तक नामंजूर करून सातारचे राज्यच गिळले, तरी हा माणूस लंडनमध्ये लढतच होता. परत आल्यावर १८५७ च्या कटात उतरला, मुलगा गमावला आणि स्वतः असा नाहीसा झाला की इंग्रजांच्या हाती कधी लागला नाही. प्रबोधनकार ठाकरे यांनी त्याचे चरित्र लिहिले म्हणून निदान नाव तरी उरले. लंडनच्या पुलावर आणि घड्याळाच्या मनोऱ्यापुढे छायाचित्रे काढून घेणाऱ्या किती सातारकरांना त्या शहरात या माणसाची आठवण होत असेल?

अजिंक्यताऱ्याच्या उतारावर 'चार भिंती' हे १८५७ च्या वीरांचे स्मारक आहे. संध्याकाळी वारा खायला, भेळ खायला, सूर्यास्त पाहायला सातारकर तेथे हौसेने जातात. जावे, त्यात वावगे काही नाही. वॉर्साच्या चौकातही लोक आइस्क्रीम खातातच. फरक इतकाच की तिथे आइस्क्रीम खाणाऱ्या पोराला तो चौक कशाचा हे ठाऊक असते.

१९ जुलै २०२४ रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून आलेली वाघनखे साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात मांडण्यात आली. गावोगावचे लोक रांगेत तिष्ठले. श्रद्धा खरी होती, तिच्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु काचेपुढे हात जोडून बाहेर पडलेला हा श्रद्धाळू समाज पुढे कुठे गेला? बहुतेक सारा एसटीच्या फलाटावर, फार तर कंदी पेढ्यांच्या दुकानापर्यंत. ज्या ग्रँट डफमुळे ही वाघनखे विलायतेला पोहोचली, तो १८१८ पासून याच साताऱ्यात रेसिडेंट होता. मराठ्यांचा पहिला विस्तृत इंग्रजी इतिहास लिहिणारा तोच. महाराजांनी अफझलखानाविरुद्ध वापरली ती हीच, याची खात्री देता येत नाही, असे खुद्द लंडनचे संग्रहालयच म्हणते. हे सारे सांगणारा एखादा जाणता दारापाशी उभा राहून म्हणाला असता, 'मंडळी, चला, आता राजवाड्यापर्यंत चालत जाऊ', तर त्या रांगेतील निम्मे लोक आनंदाने निघाले असते. तसे म्हणणाराच कुणी नव्हता.

यावर ठरलेला आक्षेप असा, की साताऱ्यात पाहण्यासारखे उरले आहे काय? दगडमातीचे वाडे पडले, पेठांतून इमारती उठल्या, गडावर दूरदर्शनचा मनोरा. हा आक्षेप घेणाऱ्याने वॉर्साचे तिकीट फुकट घालवले असे समजावे. तिथे तर काहीच उरले नव्हते! उरलेले दाखवणे हे पदभ्रमणाचे काम दुय्यम आहे. घडलेले सांगणे हे पहिले. आणि साताऱ्यात घडलेले सांगायला एक सकाळ अपुरी पडेल. १२ जानेवारी १७०८ रोजी शाहू महाराजांचा राज्याभिषेक येथे झाला. गडाच्या पायथ्याशी त्यांनी शहर वसवले, यवतेश्वरच्या डोंगरातून पाणी खेळवले. अटकेपार गेलेल्या फौजांचे धनी या शहरात राहत. यादोगोपाळ, व्यंकटपुरा, चिमणपुरा, माची, मल्हार ही पेठांची नावे आता केवळ रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापुरती उरली आहेत; वस्तुतः प्रत्येक नावामागे एक माणूस किंवा एक प्रसंग आहे. जुन्या राजवाड्यात भरणाऱ्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव रामजी आंबेडकर या बालकाचे नाव दाखल झाले. छत्रपतींच्या वाड्यात घटनाकाराने इंग्रजी पहिलीचे धडे गिरवले! एवढा एकच उंबरठा कुठल्या युरोपीय नगरात असता, तर तिथे दिवसातून चार वेळा जथे येऊन थांबले असते. येथे त्याच्यासमोरच्या चौपाटीवर गर्दी असते, पाठ मात्र वाड्याकडे.

सांगली-मिरजेची कथा वेगळी नाही. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले, तेव्हा मराठी रंगभूमीचा पडदा उघडला. गणपती मंदिरापासून कृष्णाकाठाने, आयर्विन पुलावरून नजर टाकत, गोविंद बल्लाळ देवलांच्या हरिपुरापर्यंत आणि तेथल्या कृष्णा-वारणा संगमापर्यंत चालावे, हा किती सुंदर रस्ता! हरिपुरात जमिनीखाली हळद साठवण्याची पेवे होती, २००५ च्या महापुराने त्यांची दैना केली. मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. हत्यारांना धार लावणारे शिकलगार तेथे तंतुवाद्ये घडवू लागले. त्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण नाट्यपंढरी म्हणून मिरवणाऱ्या गावात पाहुणा आला की त्याला दाखवायचे काय, तर भडंगाचे दुकान.

दुसरा आक्षेप सरकारी. नगरपालिकेने करावे, पर्यटन महामंडळाने करावे, पुरातत्त्व खात्याने करावे. इंग्लंडातील यॉर्क शहरात तेथील नागरिकांच्या संघटनेने १९५१ पासून पायी नगरदर्शन चालवले आहे. वाटाडे सारे स्वयंसेवक. बिदागी नाही, बक्षिसीही घेत नाहीत. ठरल्या जागी, ठरल्या वेळी, पाऊस असो वा थंडी, माणूस हजर. यासाठी कोणता निधी लागतो? साताऱ्यात निवृत्त शिक्षक नाहीत? गडकोटांवर श्रमदान करणारी, जुन्या विहिरींतला गाळ काढणारी तरुण मुले येथे आहेत. त्यांच्या श्रमांना तोड नाही. मात्र रोजची, नेमाची, पाहुण्याला हात धरून नेणारी फेरी हा या शहरांच्या जीवनाचा भाग झालेला नाही. शिवजयंतीला ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या राहतात, भगव्या पताकांनी पोवई नाका झाकून जातो, दुचाकींच्या फेऱ्या निघतात. राष्ट्रभक्तीच्या या उत्साहाला दर रविवारी सकाळी सात वाजता दोन तास चालण्याची शिस्त का लागू नये? घोषणा देणाऱ्या कार्यकर्त्याला मंगळाईचा बुरूज कोणता, हे ठाऊक नको काय? डिसेंबर १६९९ ते एप्रिल १७०० औरंगजेब स्वतः या गडाखाली तळ देऊन बसला होता. किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी गड झुंजवला. मोगलांनी पेरलेला सुरुंग उलटला आणि ढासळलेल्या तटाखाली त्यांचेच शेकडो सैनिक गाडले गेले. हे त्या जागी उभे राहून ऐकण्यात आणि पुस्तकात वाचण्यात अंतर आहे.

मात्र हे काम हाती घेणाऱ्यांनी एक पथ्य पाळले पाहिजे, आणि ते आपल्याच मंडळींना अधिक जड जाईल. भाकडकथा नकोत. प्रत्येक दगडाखाली भुयार आणि प्रत्येक भुयाराच्या टोकाला प्रतापगड, असला वाटाडेपणा नको. तसेच गृहकलह झाकणेही नको. याच गडावर १७५० मध्ये ताराराणींनी रामराजांना कैदेत टाकले, औरंगजेबाशी झुंजलेल्या त्या तेजस्वी स्त्रीने! हेही सांगावे लागेल. वॉर्साचा वाटाडा पोलिश सरदारांनी आपसातल्या भांडणांत राज्य कसे घालवले, हे लपवत नाही. म्हणून त्याच्या उठावाच्या कथेवर ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. सातारा जिल्ह्यातील प्रतापगड त्यांत आहे, अजिंक्यतारा नाही. तेव्हा परदेशी पाहुण्यांच्या गाड्या आता महाबळेश्वरमार्गे प्रतापगडाकडे अधिक संख्येने जातील, आणि राजधानीचे शहर त्यांच्या वाटेवरही असणार नाही. त्यांना पायउतार व्हायला लावील असे कुणी साताऱ्यात आधी उभे राहिले पाहिजे. येत्या ८ सप्टेंबरला सकाळी एखादा निवृत्त शिक्षक प्रतापसिंह हायस्कूलची पाच मुले घेऊन गेंडामाळावर गेला, तरी आरंभ होईल. सतरा नावे मोठ्याने वाचायला पाच मिनिटेही लागत नाहीत.