पंचवीस तासांचा दिवस

सवयीने पहाटे सहाला डोळा उघडतो. उशाजवळचे घड्याळ बघावे, तर पाचच वाजलेले. घड्याळ बिघडलेले नसते. रात्री दोनच्या सुमारास जहाजावरची सगळी घड्याळे एक तास मागे घेतलेली असतात. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्ककडे निघालेल्या ‘क्वीन मेरी २’ या जहाजावर हा प्रकार एकाच सफरीत पाच वेळा होतो. दोन देशांच्या वेळांत पाच तासांचा फरक आहे. विमान तो फरक एका दमात प्रवाशाच्या डोक्यावर आणून आदळते, मग दोन-चार दिवस झोपेचे खोबरे होते. जहाज मात्र रोज एकेक तास हातावर ठेवत जाते. त्यामुळे वाटेतले पाच दिवस चोवीस तासांचे नसून पंचवीस तासांचे असतात.

आता या वरकड तासाचे करायचे काय? मराठी घरातली गृहिणी अशा जहाजावर आली, की पहिल्या सकाळी तिची हीच पंचाईत होते. दूध तापवायचे नाही, डबे भरायचे नाहीत, कामवाली येणार की नाही याची धाकधूक नाही. ती सवयीने पलंगावरची चादर नीट करते, कपडे घडी करून ठेवते, आरशासमोरची धूळ पदराने टिपू पाहते. धूळ नसतेच! भर समुद्रात धूळ येणार कुठून? मग ती खिडकीशी येऊन बसते. समोर पाणी, त्यापलीकडे पाणी, आणि त्याच्याही पलीकडे पाणीच.

बंदरे घेत जाणाऱ्या सफरींवर प्रवाशाला उसंत नसते. आज हा किल्ला, उद्या ते चर्च, परवा खरेदी. अटलांटिक ओलांडणाऱ्या या सफरीत मात्र साउदॅम्प्टन सोडल्यावर बहुधा थेट न्यूयॉर्कच. मधले सगळे दिवस समुद्राचे. मोबाइलला टॉवर नाही. उपग्रहावरून वाय-फाय मिळते, पण त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागतात. तेवढे सोडले तर जगाशी संबंध जवळजवळ तुटतोच.

गंमत म्हणजे जहाज मुद्दाम सावकाश जाते. ताशी तीस सागरी मैलांच्या आसपास धावण्याची त्याची ताकद आहे, पण एरवी ते वीस-बावीसच्याच चालीने जाते आणि सात रात्री घेते. सुरुवातीच्या वर्षांत ते हेच अंतर सहा रात्रींत कापत असे. त्याहून जुनी गोष्ट म्हणजे १९५२ साली ‘युनायटेड स्टेट्स’ नावाच्या जहाजाने अटलांटिक साडेतीन दिवसांच्या आत ओलांडला होता. सत्तर वर्षांनंतर दुप्पट वेळ लागतो आणि तरी कुणाची तक्रार नाही! कारण ऑक्टोबर १९५८ मध्ये जेट विमानांची प्रवासी सेवा अटलांटिकवर सुरू झाली आणि घाई असलेली माणसे विमानाकडे गेली. जहाजावर उरली ती घाई नसलेली. पूर्वी समुद्रातले दिवस हे पोहोचण्याची किंमत म्हणून सोसावे लागत. आता त्याच दिवसांसाठी माणसे तिकीट काढतात.

सोसावे लागत, हे शब्दशः खरे होते. १८८३ च्या एप्रिलमध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी कोलकात्याहून निघाल्या. सोबत नवरा नाही, माहेरचे-सासरचे कुणी नाही. न्यूयॉर्कला पाय लागले ते जूनमध्ये. तीन वर्षांनी त्यांच्या पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाईंनी फेब्रुवारीत लिव्हरपूलहून अटलांटिक ओलांडला. बरोबर लहानगी मनोरमा. अमेरिकेच्या लोकस्थितीवर रमाबाईंनी लिहिलेले आणि १८८९ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक या समुद्रप्रवासापासूनच सुरू होते. हिवाळ्यातला अटलांटिक हा चेष्टेचा विषय नव्हे. त्याच पाण्यावरून आज हातात चहाचा कप घेऊन जाता येते.

हा फरक पडला तो जहाजाच्या बांधणीमुळेही. ‘क्वीन मेरी २’ फ्रान्समधल्या सेंट नझेर येथे बांधली गेली आणि २००४ च्या जानेवारीत पहिल्या सफरीवर निघाली. लांबी ३४५ मीटर, प्रवासी सुमारे २,७०० आणि कर्मचारी बाराशेच्या वर. बंदरोबंदरी हिंडणाऱ्या पर्यटन जहाजांपेक्षा हिचे कवच जाड, नाळ उंच आणि निमुळती. लाटेला छेद देत जाण्यासाठीच ती घडवली आहे. पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखी पाती असतात. ती लाटेच्या उलट दिशेने कलतात आणि जहाजाचे डोलणे बरेचसे आवरतात. तरीही पोटात ढवळलेच, तर आल्याचा तुकडा चघळावा आणि नजर क्षितिजावर ठेवावी. खोली जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घेतलेली असली, तर हा त्रास मुळातच कमी होतो.

न्याहारीनंतर माणसे सातव्या मजल्यावरच्या सागवानी पट्ट्यांच्या डेकवर फिरायला येतात. जहाजाला पूर्ण वळसा घालणारी ही वाट सुमारे ६२० मीटरची आहे. तीन फेऱ्या झाल्या की पावणेदोन किलोमीटरहून थोडे अधिकच चालणे होते. वारा असा, की पदर कमरेला खोचल्याशिवाय गत्यंतर नाही. वर कुत्र्यांसाठी घरे आहेत. त्यांच्या सोयीसाठी तिथे ब्रिटिश धर्तीचा दिव्याचा खांब आणि न्यूयॉर्कच्या रस्त्यावर असतो तसा आगीच्या बंबाचा नळही उभा केलेला आहे. दोन्ही देशांच्या कुत्र्यांची गैरसोय व्हायला नको!

दुपारी बारा वाजता ध्वनिक्षेपकावरून कप्तानाचा आवाज येतो. आपण कुठल्या अक्षांश-रेखांशावर आहोत, किती मैल आलो, वारा कुठला, पायाखाली पाणी किती खोल. आकडा काही हजार मीटरचा असतो. तो ऐकून क्षणभर हातातला चमचा थांबतो. न्यूफाउंडलंडच्या बाजूला जहाज येऊ लागले, की ‘टायटॅनिक’चा विषय निघतोच. १९१२ साली बुडालेल्या त्या जहाजाचे अवशेष १९८५ मध्ये सापडले, जवळपास ३,८०० मीटर खोल. त्या दुपारी डेकवरची माणसे पाण्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतात.

जेवणानंतर कुणी वाचनालय गाठतो. तिथे आठ हजारांवर पुस्तके आहेत आणि समोरच्या खिडक्यांतून जहाजाची नाळ दिसते. कुणी जहाजावरच्या तारांगणात जाऊन बसतो, तर कुणी आरामखुर्चीवर पांघरूण ओढून सरळ झोपतो. साडेतीनला मोठ्या दालनात चहा. पांढरे हातमोजे घातलेले वाढपी सँडविच आणि केक घेऊन फिरतात, वाद्यवृंद हलके काहीतरी वाजवत असतो.

अशाच एखाद्या चहाच्या वेळी किंवा सकाळी खोली आवरायला आलेल्या मुलाच्या तोंडून ओळखीचा हेल कानावर येतो. ‘‘मावशी, तुम्ही मुंबईच्या काय?’’ मुलगा गोव्याचा निघतो, नाहीतर कोकणातला. यात नवल नाही. एकोणिसाव्या शतकापासून ब्रिटिश जहाजांवर वाढपी आणि आचारी म्हणून गोव्याची माणसे गेली, डेकवरच्या कामाला रत्नागिरीकडचे खलाशी गेले. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गोव्यातल्या गावागावांच्या ‘कुडी’ होत्या. एक जहाज सुटले आणि दुसरे मिळेपर्यंत माणूस आपल्या गावाच्या कुडीत राही. यांतल्या काही कुडी अजूनही आहेत.

मुलाशी बोलणे वाढले, की पंचवीस तासांच्या दिवसाची दुसरी बाजू कळते. खोल्या आवरणाऱ्यांचे करार बहुधा सहा ते नऊ महिन्यांचे. त्या काळात आठवड्याची सुटी अशी नसते. खोल्या दिवसातून दोनदा आवरायच्या, हसतमुखाने. गणपती, दिवाळी, नाताळ, घरातले लग्न, जे काही असेल ते फोनवर बघायचे. कामगारांच्या विश्रांतीसाठी आंतरराष्ट्रीय नियम आहेत. २००६ च्या सागरी कामगार करारानुसार चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळालीच पाहिजे. भारताने या करारावर २०१५ मध्ये मान्यतेची मोहोर उठवली. पण दहा तासांची ही विश्रांतीसुद्धा दोन तुकड्यांत देता येते. त्यातला एक तुकडा सलग सहा तासांचा असला म्हणजे झाले. प्रवाशांचा निवांत दिवस हा या मुलांचा सर्वांत धावपळीचा दिवस असतो, कारण त्या दिवशी कुणीच बंदरावर उतरत नाही. सगळे जहाजावरच, सगळ्यांना सगळे हवे.

हे ऐकल्यावर त्या गृहिणीला आपलाच रविवार आठवतो. तोही असाच. नवरा पेपर वाचत लोळलेला, मुले दहापर्यंत अंथरुणात, ‘‘आज जरा काहीतरी खास कर ना!’’ अशी फर्माईश. घराची सुटी, पण स्वयंपाकघराला सुटी नाही. कुणाचा तरी निवांत दिवस कुणाच्या तरी राबण्यावर उभा असतो, हे तिला कुणी शिकवावे लागत नाही. म्हणूनच खोलीतला टॉवेल ती स्वतः घडी करून ठेवते आणि मुलाचे नाव विचारून घेते. बहुतेक प्रवासी तेवढे करत नाहीत.

ज्यांना ही सफर करायची आहे, त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. भारतीय पासपोर्टवर ब्रिटन आणि अमेरिका अशा दोन्ही देशांचे व्हिसा आधी घ्यावे लागतात. प्रवासाचा आणि आजारपणाचा विमा हवाच, कारण भर समुद्रात उपचार महाग पडतात. उन्हाळ्यातही डेकवर गारवा असतो, तेव्हा स्वेटर आणि कान झाकणारे काहीतरी जवळ ठेवावे. संध्याकाळी काही वेळा औपचारिक पोशाखाचा आग्रह असतो, पण त्यासाठी गाऊन शिवायची गरज नाही. राष्ट्रीय पोशाख चालतो, आणि पैठणीपुढे तिथला कुठलाही झगा फिका पडतो. शाकाहारी जेवण मिळते. तिकीट काढतानाच तसे कळवलेले बरे.

शेवटच्या पहाटे जहाज न्यूयॉर्कच्या झुलत्या पुलाखालून जाते आणि स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दिसू लागतो. घड्याळे आता अमेरिकेच्या वेळेशी जुळलेली असतात, वरकड तास संपलेले असतात. प्रवासी उतरतात. त्यांच्या मागे खोल्यांतल्या चादरी भराभर बदलल्या जातात, कारण त्याच दिवशी नवे प्रवासी चढायचे असतात.

घरी परतल्यावर पहिल्याच रविवारी ‘‘आज काय खास?’’ असा प्रश्न आला, तर त्या गृहिणीने शांतपणे घड्याळ एक तास मागे करावे आणि सांगावे, ‘‘आज माझा समुद्राचा दिवस आहे. चहा कोण करतंय?’’