घरगुती मद्यार्क आणि लहान इंजिने

पेट्रोलच्या भावाची चर्चा चावडीवर सुरू झाली की तिच्या पाठोपाठ एक विचार हमखास पुढे येतो. ऊस आपला, गूळ आपला, मोहाची फुले आपल्या रानची; मग मोपेडच्या टाकीपुरता मद्यार्क आपल्याच परसात का काढू नये? असे विचारणाऱ्या तरुण शेतकऱ्यास हसण्यावारी नेणे योग्य नव्हे. त्याच्या प्रश्नामागे स्वावलंबनाची इच्छा आहे आणि शास्त्राचा काही आधारही आहे. तथापि हा विचार कृतीत आणण्यापूर्वी हिशेब, यंत्र आणि जीवित या तीन अंगांनी तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

मूळ कल्पना खोटी नाही. ब्राझील देशाने १९७५ साली उसापासूनच्या इंधनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि १९७९ मध्ये तेथे केवळ मद्यार्कावर चालणारी मोटार विक्रीस आली. आपल्या देशात इंधनोपयोगी मद्यार्कासंबंधीचा कायदा १९४८ सालीच झाला होता. पुढे २००१ मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे जे पहिले प्रयोग झाले, त्यांत महाराष्ट्रातील मिरज व मनमाड ही ठिकाणे होती. २०२५ साली हे मिश्रण वीस टक्क्यांपर्यंत पोहोचले. तेव्हा मद्यार्कावर इंजिन चालते की नाही, हा प्रश्न उरलेला नाही. तो कोणी, कोठे आणि कोणत्या रीतीने तयार करावा, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम हिशेब पाहू. शंभर किलो साखर पूर्णपणे आंबली, तर शास्त्राप्रमाणे अधिकात अधिक ५१ किलो, म्हणजे सुमारे ६४ लिटर मद्यार्क मिळतो. घरच्या पिंपात एवढा उतारा कधीच पडत नाही आणि गुळात सर्वच साखर नसते. शिवाय एक लिटर मद्यार्कातील उष्णता एक लिटर पेट्रोलच्या दोन-तृतीयांश एवढीच असते. म्हणजे आदर्श स्थितीतही शंभर किलो साखरेची किंमत ४३ लिटर पेट्रोलाएवढी झाली. जळण आणि माणसाचे श्रम यांचा खर्च निराळाच. गुळाचा व पेट्रोलचा आपल्या बाजारातील भाव ज्याने त्याने या आकड्यांशेजारी मांडून पाहावा. वजाबाकीच उत्तर देईल.

आता यंत्राकडे वळू. साध्या ऊर्ध्वपातनाने, ते कितीही वेळा केले तरी, मद्यार्कातील शेवटचे सुमारे पाच टक्के पाणी निघत नाही. पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी ते काढून टाकावे लागते आणि त्यासाठी कारखान्यात स्वतंत्र यंत्रणा असते. घरी काढलेल्या मद्यार्कात पाणी याहून पुष्कळच अधिक राहते. असा मद्यार्क पेट्रोलमध्ये ओतला की टाकीत दोन थर होतात. खालचा पाण्याचा व मद्यार्काचा थर प्रथम कार्बोरेटरमध्ये उतरतो आणि इंजिन अडते. दोन-स्ट्रोक इंजिनात धोका याहून मोठा आहे. तेथे वंगण तेल इंधनातूनच जाते आणि पाणीमिश्रित मद्यार्कात ते तेल नीट विरघळत नाही. वंगणावाचून पिस्टन तापतो आणि सिलिंडरला चिकटून बसतो. जुन्या रबरी नळ्या फुगतात व धातूचे भाग गंजतात. मद्यार्कास हवा कमी व इंधन अधिक लागत असल्याने पेट्रोलसाठी बसविलेला जेटही त्यास पुरा पडत नाही. चार पैशांच्या बचतीसाठी केलेला हा उद्योग शेवटी मिस्त्रीच्या दारात जाऊन थांबतो.

तिसरी बाजू सर्वांत गंभीर आहे. मद्यार्काची वाफ साध्या उष्णतामानासही पेट घेते आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. चुलीच्या जाळावर, गोठ्याच्या किंवा कडब्याच्या गंजीच्या आसपास हा प्रयोग करणे म्हणजे घराला आग लागण्याची वाट पाहणे होय. परवान्यावाचून मद्यार्क गाळणे हा १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाप्रमाणे गुन्हा आहे. तो पिण्यासाठी नव्हता, इंजिनासाठी होता, ही सबब तेथे चालत नाही. आणि गावात असे द्रव्य असले की ते टाकीपुरतेच राहील याची हमी कोण देणार? सकाळी इंजिनासाठी ठेवलेला डबा संध्याकाळी कोणाच्या तरी ओठांना लागतो. औद्योगिक मद्यार्क पिण्यात आला की काय होते, हे जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणी भागात शंभराहून अधिक कुटुंबांनी अनुभवले आहे.

मग शेतकऱ्याने काय करावे? मद्यार्काचा उद्योग शेतकऱ्यांचाच आहे, पण त्याची जागा परवानाप्राप्त आसवनीत आहे. उसाचा व मळीचा लाभ सहकारी कारखान्याच्या मार्गाने सभासदास मिळावा, हाच त्याचा योग्य मार्ग होय. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गोड ज्वारीपासून मद्यार्क काढून तो सौर उष्णतेने शुद्ध करण्याचे आणि पाणीमिश्रित मद्यार्कावर चालणारी शेगडी व कंदील बनविण्याचे काम केले आहे. जिज्ञासू तरुणांनी अशा संस्थांकडे वळावे.

आजच्या पेट्रोलमध्येच मद्यार्क असल्याने फवारणी यंत्र व मोपेड यांची निगाही बदलावयास हवी. तेल व पेट्रोल यांचे मिश्रण लागेल तेवढेच करावे. डब्याचे झाकण घट्ट असावे. हंगाम संपताच टाकी रिकामी करून कार्बोरेटरमधील इंधन संपेपर्यंत इंजिन चालवावे. गढूळ झालेले किंवा थर पडलेले इंधन वापरू नये. जुन्या रबरी नळ्या वेळीच बदलाव्यात.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने असा प्रयोग करू पाहणाऱ्या तरुणास केवळ कायद्याचा धाक घालून परत पाठवू नये. त्याच्याजवळ बसून हा हिशेब कागदावर मांडावा. ज्या हातांना यंत्राची एवढी ओढ आहे, ते भाजू नयेत आणि वायाही जाऊ नयेत, ही जबाबदारी विस्तारकार्याची आहे.